परड्यातली खोदलेली माती कुणाला उचलू देऊ नका (अनगोळ, बेळगावचा अनुभव)

बेळगावात आता जुन्या घरांच्या परड्यात लॉन, पेव्हर, बसायला कट्टा असं लँडस्केपिंग करून घेणारे खूप झालेत आणि ह्यात डिझाइनपेक्षा मातीत जास्त फसवतात. आमच्या अनगोळच्या घरी जे झालं ते रेट-मापासकट लिहिते. कॉन्ट्रॅक्टरचं नाव घालत नाही, खरं पद्धत वाचली की ओळखाल, तो वडगाव-शहापूरकडं अजून कामं घेतोय असं ऐकलंय.

आमचं परडं म्हणजे मूळ शेताचाच तुकडा. अनगोळ, वडगाव, शहापूर, येळ्ळूर ह्या पट्ट्यातली काळी भाताची जमीन कशी आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको, ह्या शेतांतनं काढलेल्या हलगा-मच्छे बायपास रस्त्याविरुद्ध शेतकरी एवढी वर्षं झगडले ते ह्याच मातीमुळं. त्यात सासूबाईंनी जन्मभर शेणखत, राख, पालापाचोळा घातलेला, हळद लावलेली, वरची वीतभर माती हातात घेतली की भुगाच. तिथं 30 बाय 20 फूट जागा दीड फूट खोदून खाली मुरूम, वर पेव्हर आणि कडेनं झाडांचे वाफे असं ठरलं.

जेसीबी आला तेव्हा मी म्हटलं माती एका बाजूला ठेवा, वाफ्यांना लागेल. तर म्हणाला, "अक्का, ही चिकट माती काय कामाची नाही, झाडं कुजतात. आणि घरात ढीग घातला तर मायनिंगवाले येतात, रॉयल्टी भरायला लागते. मी टाकून देतो, तुम्हाला खानापूरची लाल माती आणून घालतो." आमचे हे ड्युटीवर, घरात म्हातारी सासू, दारात ट्रॅक्टर उभा. दुपारपर्यंत सगळी माती गेली, वरची खालची एकत्रच.

मग बिल. माती टाकायचे 18 ब्रास, ब्रासला 700 रुपये. लाल माती 6 ब्रास, ब्रासला 3200. चिठ्ठीवर लिहिलेलं फक्त "माती काम".

आता हिशोब बघा, हा कुणालाही जमतो. 30 गुणिले 20 गुणिले दीड म्हणजे 900 घनफूट, 100 घनफुटाचा एक ब्रास, म्हणजे खड्डा 9 ब्रासचा. खोदल्यावर माती फुगते हे खरं आहे, साधारण पाव पट धरा, तरी 11 सव्वाअकरा ब्रासच्या वर जात नाही. 18 कुठनं आले? अर्ध्या भरलेल्या ट्रॉलीला पूर्ण ब्रास लावला. खेपा मोजून पैसे मागणाऱ्याला सरळ सांगायचं की मी खड्डा मोजून देणार.

खरं मोठा घोटाळा पुढं कळला. पाऊस लागल्यावर टिळकवाडीत माझ्या आत्येबहिणीकडं गेले होते, तिच्या शेजारच्या बंगल्यात त्याच माणसानं नवीन लॉन केलेलं आणि लॉनमधनं जागोजागी हळदीचे कोंब वर आलेले. त्या काकू मला विचारतात, अहो ही हळद कुठनं आली, आम्ही तर लावली नाही! त्यांना ती माती "शेणखत मिसळलेली गार्डन माती" म्हणून विकलेली. ट्रॅक्टरच्या पोराला विचारलं तर त्यानं सरळ सांगितलं, होय अक्का, तुमच्यातनंच नेलेली. म्हणजे आमच्याकडनं न्यायचे पैसे घेतले आणि त्यांच्याकडनं आणायचे. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, दोन दिवस परड्याकडं फिरकल्या नाहीत. माझा राग पैशाचा कमी आणि ह्याचा जास्त आहे, अशी माती परत पाहिजे म्हटलं तर बाजारात मिळत नाही, ती एका माणसाच्या आयुष्यभराच्या कष्टानं होते.

आणि आम्हाला घातलेली "खानापूरची" माती? कुठल्यातरी बेसमेंटच्या तळातला मुरूम, वर दोन बोटं लाल मातीचा थर. पावसात पाणी तुंबलं, उन्हात विटेसारखी कडक, जास्वंद पिवळी पडली. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी आणि चिमूटभर साबणाची पावडर घालून हलवून ठेवली, मिनिटाभरात जवळजवळ सगळं खडेच होऊन खाली बसलं. चांगल्या मातीत वाळू लगेच बसते, पोयटा (बारीक गाळ) दोनेक तासांनी, चिकणमातीला दिवस लागतो, आणि पालापाचोळ्याचा काळा अंश वर तरंगतो. आमच्यात तरंगायला काहीच नव्हतं. खड्यांवर व्हिनेगर टाकलं तर काही फसफसले, म्हणजे बांधकामाचा चुना-सिमेंटचा राडाही मिसळलेला असणार. माती विकत घेताना ट्रॉली रिकामी व्हायच्या आधी तळातली मूठभर घेऊन हे करा.

रॉयल्टीची भीती तर सगळ्यांनाच घालतात. केंद्र सरकारनं 3 फेब्रुवारी 2000 ला भरावाला वापरायची साधी माती गौण खनिजात (म्हणजे रॉयल्टी लागणाऱ्या मालात) घातली, हे खरं आहे. खरं सुप्रीम कोर्टानं 2014 मध्ये पुण्याच्या बिल्डरांच्या केसमध्ये सांगितलंय की पाया खोदून निघालेली माती त्याच जागेत भराव-सपाटीला वापरली तर ती त्यात धरायची नाही. बाहेर नेऊन विकली की प्रश्न येतो, आणि तो विकणाऱ्याला.

माती ठेवायची कशी? वरची सहा ते नऊ इंच आधी काढून वेगळा ढीग, वर ताडपत्री, त्यावरनं जेसीबी फिरवायचा नाही. खालची पिवळट माती उंचवट्याला किंवा घरापासनं लांब उतार काढायला वापरा, सहा-सहा इंचाचे थर देऊन दाबत. आंब्या-फणसाच्या बुंध्याशी भराव घालू नका, मुळं गुदमरतात. पेव्हरखाली मात्र काळी माती नकोच, पावसात फुगते उन्हात भेगाळते, तिथं मुरूमच पाहिजे. कॉन्ट्रॅक्टर ह्या एका खऱ्या गोष्टीचा आधार घेऊन बाकीची सगळी माती उचलतात.

आम्ही आधी 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, मग वकिलाची नोटीस पाठवली. आत्येबहिणीच्या शेजाऱ्यांनी त्यांचं बिल दिलं, हळदीचे फोटो होते, पैसे फोनवरनं दिलेले त्यामुळं पुरावा होता. लाल मातीचे पैसे परत आले, टाकायचे अजून नाहीत, त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही आणि तक्रारीला दोन वर्षं मुदत असते, म्हणून जुनं बिल असेल तरी हुडकून बघा.

ज्यांच्या परड्यात आत्ता जेसीबी उभा आहे त्यांनी मुरूम पडायच्या आधी टेप घेऊन खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली मोजा, टेप दिसेल असा फोटो काढा आणि तो कॉन्ट्रॅक्टरला व्हॉट्सॲपवर पाठवा. मुरूम पडल्यावर खोली सिद्ध करता येत नाही. आमच्याकडं फोटो होता म्हणून 9 ब्रास दाखवता येतात.