किचनचा ओटा : काळा ग्रॅनाईट, क्वार्ट्झ की नॅनो व्हाईट?

ओट्याचा दगड दुकानातल्या दिव्याखाली सगळाच छान दिसतो. त्याची खरी परीक्षा घेतात गॅसवरून उतरवलेला लोखंडी तवा, सांडलेली फोडणी, आगळाचे थेंब, खलबत्त्याचे ठोके आणि ओट्याच्या कडेवर फोडलेला नारळ. या पाचही गोष्टी झेलणारा दगड एकच, अस्सल काळा ग्रॅनाईट.

‘अस्सल’ हा शब्द मुद्दाम वापरलाय. स्वस्तातला काळा माल पुष्कळदा करड्या दगडाला रंग आणि मेण चोळून काळा केलेला असतो. साबण-पाण्याने तो रंग आधी सिंकभोवती उतरतो, मग तिथे कायमचा पांढुरका पट्टा दिसतो. तपासायला पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घ्या आणि नमुन्याचा तुकडा जोरात घासा. फडकं काळं झालं तर पुढचं दुकान गाठा. दुसरी परीक्षा लिंबाची. फोड दहा मिनिटं पालथी ठेवून पुसा. तेवढीच जागा निस्तेज झाली तर दगड चुनखडीच्या कुळातला, म्हणजे कडप्पा किंवा मार्बल. कडप्पा ओट्याखालच्या उभ्या-आडव्या कप्प्यांना झकास, पण वर वापरला तर चिंच-लिंबाने महिन्याभरात पॉलिश जातं. मार्बलचं तेच, वर हळदीचे डाग. आंध्रच्या चिमकुर्तीहून येणाऱ्या ब्लॅक गॅलेक्सीतले सोनेरी ठिपके मात्र दगडातल्याच खनिजाचे असतात, ते घासून जात नाहीत.

फिका ग्रॅनाईट आवडला असेल तर त्यावर चमचाभर पाणी ओता. पाच-दहा मिनिटांत खाली गडद डाग उमटला तर तो दगड उद्या तेलही पिणार. मग सीलर (दगडाची छिद्रं बुजवणारं द्रावण) लावणं आलं, तेही पुन्हा पुन्हा.

क्वार्ट्झ म्हणजे खाणीतली अखंड लादी नव्हे. सुमारे ९० टक्के क्वार्ट्झचा चुरा आणि बाकी रेझिन (प्लास्टिकसारखा चिकट पदार्थ), असं ते कारखान्यात घडवतात. पाणी शोषत नाही, पांढऱ्या रंगात एकसारखा मिळतो, ओरखडे सहज पडत नाहीत. दुखणं रेझिनचं आहे. साधारण १५० अंशांपुढे ते पिवळं पडतं, आणि भाकरीचा तवा सहज २०० च्या वर असतो. पडलेलं कडं घासून निघत नाही, कारण तो डाग नसून जळलेलं रेझिन असतं. घरात तवा-कढईखाली दरवेळी स्टँड ठेवला जाणार असेल तरच क्वार्ट्झ घ्या. उन्हात तो पिवळसर होतो, त्यामुळे ड्राय बाल्कनीत तर नकोच. कटिंग करताना दगडावर सतत पाणी मारायला सांगा. याची कोरडी धूळ कारागिरांच्या फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदी घातली ती याच कारणाने.

नॅनो व्हाईट ही मुळात काच. शुभ्रपणात तिला तोड नाही, पण कडेवर कुकर आपटला की टवका उडतो, आणि मोल्डिंग करताना, म्हणजे कड घासून गोल करताना, आतली बारीक छिद्रं उघडी पडून त्यांत मळ बसतो. ओट्यासाठी आमचं मत स्पष्ट आहे : नॅनो व्हाईट नको. आणखी एक पर्याय टाइलचा : गुजरातमधल्या मोरबीच्या १५ मिमी फुल बॉडी (आरपार एकाच रंगाच्या) टाइलला उष्णता आणि हळद दोन्ही चालतात, फक्त कड ठिसूळ असते.

आता फिटिंग. बरेच ओटे दगडामुळे नव्हे, कटिंगमुळे तडकतात. हॉबच्या (ओट्यात बसवायच्या शेगडीच्या) कटआऊटचे, म्हणजे दगडात कापलेल्या खिडकीचे, आतले कोपरे काटकोनात कापले की चीर तिथूनच सुरू होते. आधी कोपऱ्यात गोल भोक पाडून मग कटर चालवायला लावा. हॉबच्या पुढे-मागे उरणारी पट्टी किमान अडीच-तीन इंच हवी आणि तिला खालून आधार हवा. हॉब आणि सिंक साइटवर आल्याशिवाय कटिंगला हात लावू देऊ नका, कॅटलॉगमधलं माप आणि हातातली वस्तू नेहमी जुळतेच असं नाही. सिंकवर किंवा हॉबवर जोड नको. दुसरीकडे जोड येणारच असेल तर तो व्हाईट सिमेंटने न भरता इपॉक्सीने (घट्ट होणाऱ्या पक्क्या गोंदाने) भरा.

जाडी १८ ते २० मिमी घ्या आणि माल उतरताना टेपने मोजा, १६ चा माल १८ म्हणून येतो. ओट्याखालच्या ट्रॉलीची शटर धरून खोली २४ इंच असेल तर दगड २५ इंच लागतो. पुढे आलेल्या त्या इंचाच्या खालच्या बाजूला पाणी तोडणारी खाच मारून घ्या, नाहीतर ओघळ थेट शटरच्या प्लायवर जातो. कोटेशनमध्ये दगड चौरस फुटाने, मोल्डिंग रनिंग फुटाने आणि कटआऊट नगावर वेगळे लिहून घ्या.

शेवटचा हप्ता देण्याआधी ओट्यावर तांब्याभर पाणी ओता. ते सिंककडे जायला हवं. भिंतीकडे गेलं तर लेव्हल चुकलीय, आणि ती सिलिकॉन भरण्याआधीच दुरुस्त होते.