थर्मल कॅमेरा, दोन पावसाळे वापरल्यावर: पिक्सेल नंतर, आधी भिंग बघा

रिझोल्यूशन आणि ॲपवर सगळ्यांनी भरपूर लिहिलंय, ते सोडतो. वस्तू किती तापलीय ते चित्रात दाखवणाऱ्या या कॅमेऱ्याचा 256 बाय 192 पिक्सेलचा सेन्सर मीटर रूममधले तापलेले जोड शोधायला पुरतो, बॅटरीचीही तक्रार नाही. राग आहे तो भिंगावरून. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्यावरचा थर एका कडेने उडाला आणि सर्व्हिस सेंटरने ‘फिजिकल डॅमेज’ लिहून वॉरंटी नाकारली. कॅमेरा कधी पडला नाही, आपटला नाही. माझगाव-शिवडीच्या गोदामांतली कामं आणि तिथला खारा, दमट वारा, एवढंच त्याने सोसलंय. भिंग बदलायचं कोटेशन नव्या कॅमेऱ्याच्या निम्म्याहून जास्त!

एका थराचं एवढं काय, असं वाटेल. हे भिंग जर्मेनियमचं असतं, कारण 8 ते 14 मायक्रॉनचे उष्णतेचे किरण साध्या काचेतून जातच नाहीत. पण जर्मेनियमचा अपवर्तनांक (किरण किती वाकवतो तो आकडा) 4, म्हणजे फारच जास्त. त्यामुळे थराशिवाय उघडं ठेवलं तर प्रत्येक पृष्ठभागावरून 36 टक्के किरण माघारी फिरतात आणि दोन्ही पृष्ठभाग मिळून निम्मेसुद्धा आत पोचत नाहीत. ते आत घेण्याचं काम हा थर करतो. म्हणजे आपण पैसे मोजतो ते जर्मेनियमइतकेच या थराचे.

घरी तपासलं. स्टीलच्या पातेल्यात गरम पाणी, बाहेरून काळी इन्सुलेशन टेप, शेजारी प्रोबचा थर्मामीटर. कॅमेरा सहा-सात अंश कमी दाखवतो. रिपोर्टमध्ये आकडा द्यायचा तर हा कॅमेरा आता चालणार नाही. आर, वाय, बी या तीन फेजपैकी कुठला लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) जास्त तापलाय ते मात्र अजून स्पष्ट दिसतं, कारण तिन्ही त्याच भिंगातून बघतोय. परवाच परळच्या एका सोसायटीत वाय फेजचा सैल लग याच कॅमेऱ्याने पकडला. म्हणून ‘घेऊ नका’ असं लिहिणार होतो, ते आता लिहीत नाही.

किमतीवरचा रागही थोडा उतरला. जर्मेनियमची वेगळी खाण जवळपास नसतेच. बहुतेक माल जस्त काढताना आणि कोळशाच्या राखेतून हाती लागतो. सगळ्यात मोठा उत्पादक चीन, आणि त्याने ऑगस्ट 2023 पासून निर्यातीला परवाना लावला. त्यानंतर भाव दुपटीच्या वर गेले.

पण थराचा राग कायम आहे. बाहेरच्या बाजूला हिऱ्यासारखा कडक कार्बनचा थर मिळतो. त्यातून किरण थोडे कमी जातात, पण मीठ आणि घासणं तो कितीतरी चांगलं सोसतो. मुंबईत विकायच्या कॅमेऱ्याला हा थर का नाही? माहितीपत्रकात थराचा उल्लेखच नाही, सगळी जागा पिक्सेलना दिलीय.

भट्टीजवळ काम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा: जर्मेनियम अर्धवाहक आहे. भिंग स्वतःच शंभर अंशांकडे गेलं की त्यात मोकळे विद्युतभार वाढतात आणि ते किरण शोषू लागतं.

नवा घेताना दुकानदाराकडून दोन गोष्टी बिलावर लिहून घ्या: बाहेरचा थर कोणता, आणि तो उडाला तर वॉरंटीत धरणार की नाही. लिहून देत नसेल तर दुसरं दुकान बघा.