नागपूरच्या उन्हात ६६ इंची टेकडाउन रिकर्व्ह

नवशिक्यासाठी लाकडी रायझरचं (मधल्या मुठीच्या भागाचं) हे सुटं करता येणारं, टोकं पुढे वळलेलं धनुष्य चांगलं आहे, पण पाउंड, म्हणजे दोरी खेचायला लागणारा जोर, बघून फसू नका. लिम्बवर (वाकणाऱ्या पात्यांवर) लिहिलेले २४ पाउंड २८ इंच खेचीवर, म्हणजे दोरी तेवढी मागे ओढल्यावर, मोजलेले असतात. तुमची खेच काढायला दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर घ्या, २.५ नं भागा. १६५ सेंटीमीटरला खेच भरते २६ इंच. इंचामागे साधारण दोन पाउंड कमी, म्हणजे हाती येतात जेमतेम २०. सुरुवातीला तेवढेच हवेत! वजन जास्त झालं की पाठीचं काम खांदा करू लागतो, तो कानाकडे चढतो आणि नेम धरताना हात थरथरतो.

खरी कटकट सोबतच्या डेक्रॉन (पॉलिएस्टर धाग्याच्या) दोरीची. नवी असताना ती ताणत जाते, ब्रेस हाइट (मूठ आणि दोरीमधलं अंतर) सव्वाआठ इंचांखाली उतरते आणि दोरी मनगटाच्या वर सपकन बसते. दोरी उतरवून चार-पाच पीळ वाढवा, पुन्हा मोजा.

मे महिन्यात दोरी चढवलेलं धनुष्य बंद गाडीत कधीच ठेवू नका. उष्णतेनं लिम्बचे थर सुटतात. दोरी चढवा-उतरवायला स्ट्रिंगरच (त्यासाठीची खास दोरी) वापरा, मांडीत अडकवून वाकवलं की लिम्ब पिळतात. स्ट्रिंगर वेगळा घ्यावा लागतो, हे मात्र खटकतं.