वॉरन हाउस की जमैका इन? कॉर्नवॉलच्या वाटेवरचं जेवण

एक्सेटर सोडून कॉर्नवॉलकडे गाडी निघाली की तासाभरात मागच्या सीटवरून विचारणा सुरू होते: जेवायचं कुठे? हायवेवरचं सँडविच नको आणि एकदा तरी इंग्लंडमधला जुना, रस्त्याकडेचा पब बघायचाच असेल, तर या भागात दोन नावं हमखास पुढे येतात. एक डार्टमूरवरचं वॉरन हाउस इन, दुसरं बॉडमिन मूरवरचं जमैका इन (मूर म्हणजे उजाड, उंचावरचं माळरान). एका दिवसात दोन्हीकडे जेवणं काही होत नाही.

रस्त्याचं गणित आधी. जमैका इन ए-३० या मोठ्या रस्त्याला लागूनच आहे. एक्सेटरहून तासाभरात बोल्व्हेंटर येतं, तिथे वळलात की पोचलात. वॉरन हाउससाठी मॉर्टनहॅम्पस्टेडवरून बी-३२१२ धरावा लागतो. हे अंतर जमैका इनच्या निम्म्याहूनही कमी, पण वेळ त्या मानाने जास्त लागतो. रस्ता अरुंद आणि वळणाचा, कडेला कुंपण नाही, आणि डार्टमूरची ठेंगणी घोडी मधोमध उभी राहून तुमच्याकडे बघत बसतात. हॉर्नचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. ज्यांना गाडी लागते त्यांनी हे लक्षात घ्यावं.

वॉरन हाउस समुद्रसपाटीपासून ४३४ मीटरवर आहे. शेजारी गाव नाही, घर नाही. आजची इमारत १८४५ची. त्याआधीचा पब रस्त्याच्या पलीकडे होता. तिथल्या चुलीतले पीटचे (म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेल्या, जळणाच्या मातीचे) निखारे नव्या चुलीत आणले आणि तेव्हापासून ती विझलेली नाही, असं सांगतात. खरंखोटं कोण तपासणार? आम्ही गेलो तेव्हा ऑक्टोबरचं धुकं इतकं होतं, की पार्किंगमधून दरवाजा दिसत नव्हता. आत गेल्यावर सासऱ्यांनी कानटोपीसुद्धा न काढता थेट चुलीजवळची खुर्ची पकडली, ते निघेपर्यंत उठले नाहीत.

वॉरन म्हणजे ससे पाळायची जागा. आसपासच्या कथलाच्या खाणींतल्या मजुरांसाठी इथे ससे वाढवले जायचे, आणि म्हणून इथला नावाजलेला पदार्थ म्हणजे 'वॉरनर्स पाय', पिठाच्या कवचाखाली भाजलेलं सशाचं मटण. चव कोंबडीच्या जवळची, तिखटाचा पत्ता नाही, पण बाहेर अशी हवा असताना वर खरपूस कवच असलेलं ते गरम मटण फार बरं वाटतं.

जमैका इनचा थाट निराळा. १७५० साली घोडागाड्यांच्या प्रवाशांसाठी बांधलेला हा मुक्काम, दगडी फरसबंदीचं अंगण, पाटीच्या दगडांनी मढवलेल्या भिंती. पुढे एका गाजलेल्या कादंबरीने त्याचं नाव जगभर नेलं. आज तिथे चोरट्या मालाच्या व्यापाराचं संग्रहालय आहे, दुकान आहे, राहायला खोल्या आहेत. म्हणजे मुलांना दाखवायला काहीतरी आहे आणि मोठ्या ग्रुपची सोयही होते. पण बसगाड्या भरभरून येणारे पर्यटक असले, की आपण पबमध्ये बसलोय की एखाद्या किल्ल्याच्या पायथ्याच्या उपाहारगृहात, असा प्रश्न पडतो.

आता एल, म्हणजे इथल्या पारंपरिक बिअरबद्दल दोन्हीकडे लागू पडणाऱ्या गोष्टी. कास्क एल, म्हणजे पिंपातली एल, हातपंपाने ओढून देतात (आपल्या बोअरवेलचा नव्हे, काउंटरवरचा लांब दांड्याचा). तळघरात ११ ते १३ अंशांवर ठेवलेली असते, म्हणून माठातल्या पाण्यासारखी गार लागते आणि फेसही बेताचा. "बिअर गरम आहे" म्हणून परत करू नका, ती तशीच असते. पाइंट ५६८ मिलीचा. चवीपुरती हवी असेल तर हाफ, म्हणजे अर्धा पाइंट मागा. डार्टमूरवरच्या प्रिन्सटाउन गावातल्या तुरुंगावरून नाव पडलेली 'जेल एल' ४.८ टक्क्यांची आहे, आणि गाडी चालवणाऱ्याने तिच्या वाटेला न गेलेलं बरं.

शाकाहारी मंडळींसाठी एक बातमी: पारंपरिक कास्क एल नितळ करायला माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरण्याची पद्धत आहे. सगळ्याच एलमध्ये तो नसतो, पण काउंटरवर विचारायला लाजू नका. जेवणात प्लाउमन्स म्हणजे चीज, पाव आणि आंबटगोड लोणचं असलं तर पोट भरतं. चिप्स मात्र कधीकधी गाईच्या चरबीत तळतात, तेही विचारा.

आणखी एक, आमच्या फजितीतून शिकलेलं. पहिल्यांदा अशा एका पबात आम्ही टेबलावर वीस मिनिटं वेटरची वाट बघत बसलो. शेवटी शेजारच्या आजोबांनी काउंटरकडे बोट दाखवलं. टेबलाचा नंबर लक्षात ठेवून स्वतः जाऊन ऑर्डर द्यायची असते. तोवर दुपारचं स्वयंपाकघर बंद झालं होतं आणि आम्ही खारे दाणे खाऊन निघालो. म्हणून कुठेही जा, दीडच्या आत पोचा.

माझं मत विचाराल तर दोघंचौघं असाल, हवा खराब असेल आणि जेवण-एल हेच कारण असेल, तर वॉरन हाउस. तिथून मागे फिरायचं कारण नाही, पोस्टब्रिजचा दगडी पूल बघून टॅव्हिस्टॉकमार्गे कॉर्नवॉलमध्ये उतरता येतं. आजी-आजोबा, दोन लहान मुलं आणि संध्याकाळी सेंट आयव्हजला पोचायची घाई असेल, तर मुकाट्याने ए-३० धरा.