गॅरेजमधलं गोल्फ: नेट, मॅट, रडार आणि पटिंग मॅट, अख्ख्या हिवाळ्याच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते, मग तपशील. पूर्ण हिवाळा गॅरेजमध्ये सराव केल्यावर माझं ठाम मत झालंय की थंडीत दोनच गोष्टी खऱ्या अर्थाने टिकवता येतात, सुधारताही येतात. एक, बॉल क्लबच्या (गोल्फच्या काठीच्या) फेसवर, म्हणजे फटका मारायच्या सपाट भागावर, नेमका कुठे लागतो. दुसरी, आठ फुटांच्या आतले पट, म्हणजे ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) बॉल घरंगळवत भोकात घालायचे फटके. या दोन्हींना लागणारं सामान सगळ्यात स्वस्त आहे. इतकं सविस्तर लिहितेय ते यासाठी की नोव्हेंबर लागला की आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "कुठलं सिम्युलेटर (घरात पडद्यावर गोल्फ खेळायचं यंत्र) घ्यावं?" हा प्रश्न येतोच, आणि उत्तरं सगळी हजारो डॉलर्सच्या घरातली असतात.

मी राहते शिकागोजवळ नेपरव्हिलला. इलिनॉयमध्ये 1 नोव्हेंबर ते 31 मार्च या काळात खेळलेले स्कोअर हँडिकॅपसाठी (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्यासाठी) धरतच नाहीत, म्हणजे पाच महिने अधिकृत सुट्टी. मी गोल्फ शिकले पुण्यात, येरवड्याला. तिथे डिसेंबर-जानेवारी म्हणजे खेळायचे सगळ्यात सुंदर दिवस, अडचण काय ती पावसाळ्याची. इथे नेमकं उलटं. जानेवारीत 10 फॅरनहाइट, म्हणजे उणे 12 सेल्सिअस, ही काही बातमी नसते. मागच्या काही वर्षांत एप्रिलमध्ये परत उभी राहिले की पहिला महिना नुसता हात बसवण्यात जायचा. म्हणून या वेळी नीट व्यवस्था केली: दहा बाय दहा फुटांचं नेट, मारायची मॅट, बॉलच्या मागे ठेवायचं रडारचं लाँच मॉनिटर (बॉलचा वेग, अंतर मोजणारं यंत्र), घरात पटिंग मॅट आणि थोडं किरकोळ सामान. कंपन्यांची नावं देत नाही, कारण फरक वस्तूच्या प्रकाराने पडतो.

जागेचा हिशेब सगळ्यात आधी करा. आमच्या बेसमेंटचं छत आठ फूट. तिथे वेज आणि छोटे आयर्न (जवळच्या फटक्यांचे आखूड क्लब) निघतात, ड्रायव्हर (सगळ्यात लांब क्लब) विसरा. गॅरेजचं छत नऊ फुटांहून थोडं जास्त आहे आणि माझी उंची पाच फूट तीन इंच, त्यामुळे माझा ड्रायव्हर मोकळा फिरतो. नवरा सहा फुटी. त्याच्या क्लबचं टोक दरवाजाच्या मोटरच्या रुळाच्या फार जवळून जातं, म्हणून तो आयर्नवरच थांबतो. काहीही ऑर्डर करण्याआधी ड्रायव्हर हातात घ्या, अगदी सावकाश पूर्ण स्विंग करा आणि दुसऱ्या कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. लांबीचंही बघा. रडार बॉलच्या मागे सात-आठ फूट लागतं, बॉलपासून नेटपर्यंत आणखी आठ-दहा फूट, आणि नेटच्या मागे मोकळी जागा हवीच. वीस फुटांचं गॅरेज यात संपतं. एक गाडी हिवाळाभर बाहेर बर्फात राहणार, हे घरात आधीच बोलून घ्या. आमच्याकडे ती नवऱ्याची होती, आणि रोज सकाळी काच खरवडताना "अगं, एप्रिल कधी येतोय?" हे मला ऐकावं लागलं.

नेटबद्दल तक्रार नाही. फक्त ते ताणून बांधू नका, सैल सोडा, म्हणजे बॉल तिथेच गळून पडतो. मी मागे पुण्याहून आणलेली जुनी गोधडी टांगली आहे. आवाजही कमी झाला आणि उसळून परत येणारे बॉल बंद झाले. दोन्ही बाजूंनाही काहीतरी अडसर हवाच. शँक झालेला, म्हणजे फेसऐवजी शाफ्टजवळच्या सांध्याला लागलेला बॉल समोर जात नाही, थेट उजवीकडे सुटतो.

थंडीचं काय? मी 1500 वॅटचा विजेचा इन्फ्रारेड हीटर लावला. बंद गॅरेजमध्ये प्रोपेनचा हीटर अजिबात लावू नका, कार्बन मोनॉक्साइडचा धोका खरा आहे. बॉल आणि रडार दोन्ही घरात ठेवते, मारायच्या वेळी बाहेर आणते. गार बॉल कमी उसळतो आणि आकडे उगाच खाली दिसतात. लिथियम बॅटरीही शून्य सेल्सिअसखाली चार्ज करायची नसते.

आता मॅट. अख्ख्या सामानात सगळ्यात जास्त विचार करून घ्यायची वस्तू ही आहे, आणि लोक नेमकी हीच सगळ्यात घाईत घेतात. नेटच्या सेटबरोबर आलेली मॅट पातळ होती, खाली काँक्रीट. काही आठवड्यांत माझ्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला ठणका लागला, कप उचलतानासुद्धा. फिजिओथेरपिस्टने पहिला प्रश्न विचारला तो मॅटचाच. मग जाड, उभ्या धाग्यांची, खाली मऊ थर असलेली मॅट घेतली. तिच्यात क्लब थोडा आत शिरतो, धक्का हाताला येत नाही. किंमत जवळजवळ रडारच्या निम्मी पडली, पण पैसे वाचवायचेच असतील तर रडार सोडा, मॅट सोडू नका.

चांगली मॅटसुद्धा खोटं बोलते. गवतावर बॉलच्या दोन इंच मागे क्लब टेकला की माती उडते आणि बॉल निम्म्यात पडतो. मॅटवर तोच क्लब घसरून पुढे जातो, बॉल झकास उडतो, रडारही छान आकडा दाखवतं. यावर उपाय अगदी साधा आहे: बॉलच्या मागे चारेक इंचांवर हात पुसायचा टॉवेल दुमडून ठेवायचा. क्लब आधी खाली आला की टॉवेल उडतो. शिवाय कान लावून ऐका. स्वच्छ फटक्याला एकच टणक आवाज येतो. फॅट शॉटला, म्हणजे क्लब आधी जमिनीला लागला तर, आधी "धप्" आणि मग बॉल. महिन्याभरात हा फरक माझ्या कानांना इतका कळायला लागला की पडद्याकडे बघायची गरज उरली नाही.

दुसरी वस्तू म्हणजे औषधांच्या दुकानात मिळणारा पायाला लावायच्या पावडरचा स्प्रे. क्लबच्या फेसवर हलका फवारा मारायचा, पातळ पांढरा थर बसतो. एक शॉट मारला की त्यात बॉलचा गोल ठसा उमटतो, खळग्यांची नक्षीसुद्धा दिसते. माझे सात आयर्नचे ठसे सातत्याने टाचेकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला पडत होते. अर्धा इंच बाजूला लागलं तरी फेस फिरतो आणि वेग जातो. थंडीत अंगात जाड जॅकेट असलं की हात शरीरापासून लांब फिरतात आणि फटका बिघडतो, हेही ठशांवरूनच दिसलं. तेव्हापासून बिनबाह्यांचं जाकीट आणि आत एक गरम टी-शर्ट, बस्स. जानेवारीत ठसे मध्ये सरकायला लागले. ठसा पुसायचा, परत फवारा, परत शॉट. यात काही मजा नाही असं कुणाला वाटेल, पण मला यातच सगळ्यात जास्त समाधान मिळालं, कारण फेसवर जे दिसतं त्याच्याशी वाद घालता येत नाही.

रडारला साधारण सहाशे डॉलर पडले. त्याने एक मोठं काम केलं. प्रत्येक क्लबची कॅरी, म्हणजे बॉल हवेतून किती जातो, ती नीट लिहून काढली. माझा सहा आयर्न आणि पाच आयर्न जवळजवळ एकाच जागी पडतात, हे आकड्यांत दिसलं. क्लबचा वेग कमी असला की कमी लॉफ्टच्या, म्हणजे फेस कमी कललेल्या आयर्नला बॉल पुरेसा उंच उडवताच येत नाही, त्यामुळे दोन क्लबांमधलं अंतर पुसलं जातं. मी पाच आयर्न काढून बॅगेत सात वुड (बॉल उंच उडवणारा, मोठ्या डोक्याचा क्लब) टाकला. बायकांना आणि साठीपुढच्या मंडळींना माझा आग्रह आहे, स्वतःचे असे आकडे एकदा काढून बघाच. बॅगेतले दोन-तीन क्लब निव्वळ ओझं निघण्याची बरीच शक्यता आहे.

पण याच्या मर्यादाही जाणून घ्या. नेटमध्ये बॉल इतकं कमी अंतर उडतो की या किमतीचं रडार स्पिन (बॉलची फिरकी) बहुतेक वेळा अंदाजाने देतं. रडार एक-दोन अंश वाकडं ठेवलं गेलं तर सगळे शॉट उजवीकडे जाताहेत असं दिसतं आणि तुम्ही चांगला स्विंग दुरुस्त करत बसता. मी जमिनीवर रंगीत टेप लावून रेघ पक्की केली, तेव्हाच दिशेवर विश्वास बसला. अ‍ॅपमध्ये मोठमोठी कोर्सेस खेळता येतात. शनिवारी रात्री मित्रमंडळी जमली, चहा-भजी झाली, की वेळ झकास जातो. सराव म्हणून मात्र मी ते धरत नाही. तिथे प्रत्येक शॉट सपाट मॅटवरून असतो. पायाखाली उतार नाही, रफ (कडेचं उंच गवत) नाही, ओलं गवत नाही. बॉल खरोखर उडताना बघायचा असला की मी बेन्सनव्हिलच्या व्हाइट पाइन्सच्या डोममध्ये (घुमटाखालच्या सराव रेंजवर) जाते. स्लाइस (हवेत उजवीकडे वळणारा शॉट) आहे की पुश (सरळच उजवीकडे जाणारा), हे डोळ्यांनी कळण्यासाठी अधूनमधून तेवढं पुरतं.

पटिंगकडे मी वळले ते आमच्या ग्रुपमधल्या एका काकांमुळे. वय सत्तरीच्या पुढे, ड्राइव्ह जेमतेम दीडशे यार्ड, आणि तरी शनिवारच्या पैजेचे पैसे तेच घेऊन जातात. मी त्यांना रडारचे आकडे दाखवत होते, तर म्हणाले, "अगं, ड्रायव्हर उन्हाळ्यात मार. आत्ता चार फुटांचा पट चुकवायचा नाही एवढं शिक." बोलणं अगदी बरोबर होतं. टूरवरचे व्यावसायिक खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. मग आपल्यासारख्यांचे स्ट्रोक सगळ्यात जास्त कुठे गळतात, ते वेगळं सांगायला नको.

पटिंग मॅट घेताना दोन गोष्टी तपासा. पहिली वेग. ग्रीनचा वेग स्टिंपमीटरने मोजतात. एडवर्ड स्टिंप्सन यांनी 1935 मध्ये तयार केलेली ती साधी खाचेची पट्टी आहे. तिच्यावरून सोडलेला बॉल सपाट ग्रीनवर किती फूट घरंगळतो, तो आकडा म्हणजे वेग. पब्लिक कोर्सच्या ग्रीन साधारण आठ-नऊच्या असतात, मॅट बहुतेक दहा-अकराच्या. हा फरक चालतो, घरातला कार्पेट मात्र चालत नाही, तो फारच मंद असतो आणि हात जोरात मारायला शिकतो. दुसरी गोष्ट, शेवटी चढ असलेली आणि बॉल परत पाठवणारी मॅट. दिसायला फार सोयीची, पण बॉल भोकात जावा म्हणून तुम्ही तो चढ चढण्याइतका जोर लावता आणि खऱ्या ग्रीनवर बॉल चार फूट पुढे जातो. माझ्या मॅटला तसा चढ आहे. मी उलट्या टोकाला उभी राहून सपाट भागावर ठेवलेल्या एका नाण्यावर पट करते. बॉल नाण्यावरून गेला पाहिजे आणि पुढे फूट-दीड फुटात थांबला पाहिजे.

याच्या जोडीला दोन टी (बॉल ठेवायच्या छोट्या खुंट्या). पटरच्या डोक्यापेक्षा जेमतेम रुंद अंतरावर दोन टी उभ्या करायच्या आणि त्यांच्यामधून स्ट्रोक काढायचा. चुकला की "टक्" होतं. आणि एक मीटरची स्टीलची पट्टी: तिच्यावर बॉल ठेवून सरळ मारायचा. फेस जरासा जरी उघडा असला तरी बॉल टोकापर्यंत पोचत नाही, कडेवरून घसरतो. ही पट्टी हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते आणि माझ्या मते अख्ख्या हिवाळ्यातली ही सर्वोत्तम खरेदी. रात्री भाजी शिजेपर्यंत दहा मिनिटं पॅसेजमध्ये पट्टीवर पट मारायचे, हा आमच्या घरचा नियमच झाला. मुलगीही लागली. तिचा बॉल पट्टीवरून माझ्यापेक्षा जास्त वेळा सरळ जातो, आणि ती ते मोजून सांगते.

वेग वाढवायच्या काठ्याही घेतल्या होत्या, हलकी, मध्यम आणि जड अशा तीन. वेग थोडा वाढला. पण गारठलेल्या अंगाने त्या फिरवल्या तर पाठ धरते, म्हणून आधी दहा मिनिटं सूर्यनमस्कार आणि वक्रासन. पाठीचा वरचा भाग वळता राहिला, हा फायदा मला काठ्यांपेक्षा मोठा वाटला. क्लबच्या ग्रिपही हिवाळ्यातच कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुऊन टाका. त्यांचा चिकटपणा परत येतो.

एप्रिलमध्ये पहिली फेरी डाउनर्स ग्रोव्हच्या नऊ होलच्या पब्लिक कोर्सवर खेळले. या जागेवर 1893 साली अमेरिकेतलं पहिलं 18 होलचं कोर्स होतं, त्यामुळे तिथे उभं राहायला मला विशेष आवडतं. जमीन ओली, वारा बोचरा. आयर्न पहिल्यापासून मध्यभागी लागत होते, चार-पाच फुटांचे पट जात होते, आणि सात वुडने उंच जाऊन ग्रीनवर थांबणारा शॉट मिळाला. चिपिंग (ग्रीनजवळचे छोटे फटके) मात्र पार गेलेलं होतं. ओल्या गवतातून वेज कसा निघतो, लांबच्या पटला किती वळण घ्यायचं, बंकरची वाळू, यातलं काहीही गॅरेजमध्ये राखता येत नाही. म्हणून मोसम सुरू झाल्यावर पहिले दोन आठवडे रेंजवर बॉलच्या बादल्या संपवण्यापेक्षा चिपिंग ग्रीनवर घालवा. मी नेपरव्हिलच्या स्प्रिंगब्रुक कोर्सवर तेच केलं, आणि मे महिन्यात स्कोअर मागच्या वर्षीच्या जुलैसारखे यायला लागले.

ज्यांचं बजेट दोनशे डॉलर आहे त्यांनी पटिंग मॅट, स्टीलची पट्टी आणि पावडर घ्यावी, आणि आठवड्याला एकदा डोम गाठावा. हजाराच्या आसपास असेल तर चांगली मॅट आणि नेट आधी, उरलं तर रडार. आणि नेट मार्चअखेर उतरवताना, बॉल जिथे सतत लागतो तो मधला भाग उजेडात धरून तपासा. आमच्या नेटचे तिथले दोन-तीन धागे झिजलेत. या नोव्हेंबरला ते उलटं टांगणार आहे, म्हणजे मारा वेगळ्या जागी पडेल.