सीटचे पैसे भरावेत की मिळेल तिथे बसावं?

पुणे-दिल्लीचं विमानाचं तिकीट काढताना भाचीने विचारलं, "मामा, सीट आत्ताच घेऊ की चेक-इनला बघू?" तिच्यासोबत सासूबाई आणि सहा वर्षांचा मुलगा.

खर्च: सीटचं शुल्क दर माणशी, दर उड्डाणाला लागतं. तिघांचं जाणं-येणं म्हणजे सहा वेळा; मध्ये विमान बदललं तर बारा वेळा! थांबलात तर शून्य. मात्र वेब चेक-इन करताना पडद्यावर विकाऊ सीटच आधी डोळ्यांत भरतात. सीट न निवडता पुढे जायचा पर्याय अनेकदा कोपऱ्यात बारीक अक्षरांत सापडतो. तो शोधायचा.

खात्री: फुकटात बहुधा मधली सीट पदरात पडते, तीही वेगवेगळ्या रांगांत. पण एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, विमान कंपन्यांना सांगितलंय, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या (बुकिंग क्रमांकावरच्या) आई किंवा वडिलांपैकी एकाजवळ तरी बसवावं. म्हणजे मुलाच्या काळजीपोटी पैसे मोजायची गरज नाही. सासूबाईंना हा नियम लागू नाही.

आराम: पाय पसरायला जागा म्हणून आपत्कालीन दाराजवळची महाग सीट घेऊ नका. तिथे मुलांना बसू देत नाहीत, आणि काही सीटची पाठ मागे जात नाही.

एकटे, दोन तासांचा प्रवास, तर खुशाल थांबा. गुडघेदुखी, सारखं उठावं लागणं किंवा लांबचं उड्डाण असेल तर पैसे भरा. भाचीने फक्त सासूबाईंसाठी येण्याजाण्याच्या वाटेकडची सीट घ्यावी.