पेठेतलं जुनं घर, वाड्यातल्या खोल्या की रावेतचा नवा फ्लॅट?

भाचीसाठी गेल्या वर्षभरात आम्ही पुण्यात सतरा घरं पाहिली. सगळ्या खर्चासकट साठ लाखांच्या आसपास भागवायचं होतं, त्यातली हातातली रोकड बावीस-तेवीस लाखांची. भाची टिळक रस्त्याजवळच्या शाळेत शिकवते, जावई आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीला जातात आणि सासूबाई त्यांच्यासोबत राहतात. शेवटी तीन पर्याय उरले. कसबा पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवरच्या खोल्या, भाडेकरू हक्काने. नारायण पेठेत १९८६ सालच्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, चटईक्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा) ४१० चौरस फूट, लिफ्ट नाही. आणि पिंपरी-चिंचवडमधल्या रावेतला बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात नवा वन बीएचके.

माझा कल पहिल्यापासून नारायण पेठेकडे होता, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला ते धरून चालता येईल.

वाड्यातल्या खोल्यांचा विषय लवकर संपला. खोल्या सुंदर होत्या. सागवानी खांब, जाड भिंती, भर एप्रिलातही आत गारवा. पण तिथे मिळणार होता तो भाडेकरू हक्क, मालकी नव्हे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडी, म्हणजे भाडेकरू हक्कासाठीची एकरकमी रक्कम, घेण्या-देण्याला मान्यता दिली आहे, तरी जागामालकाच्या लेखी संमतीशिवाय हा हक्क दुसऱ्याच्या नावावर होत नाही. इथे मालक म्हणजे चार भावांचे वारस. दोघांची संमती होती, तिसरे परदेशात, चौथ्यांकडून काहीच उत्तर नाही. अशा जागेवर सहसा गृहकर्जही मिळत नाही, म्हणजे सगळी रक्कम पदरची. त्यात पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. त्यातली एक या वाड्याच्या दारावरही लागून गेली होती. ज्यांचं कुटुंब आधीपासून अशा वाड्यात राहतं, त्यांनी आपल्या ताब्यातलं क्षेत्र लेखी नोंदवून ठेवावं आणि हक्क सोडू नये. बाहेरून नव्याने आत शिरणाऱ्याने मात्र थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता उरलेल्या दोघांची तुलना. ती लोक बहुतेक वेळा प्रति चौरस फूट भावावर करतात आणि तिथेच फसतात. जुन्या करारात लिहिलेलं क्षेत्र बहुधा बिल्टअप, म्हणजे भिंती धरून मोजलेलं असतं. रेरा हा घरबांधणी प्रकल्पांचं नियमन करणारा कायदा आल्यानंतरच्या प्रकल्पात ते चटईक्षेत्र असतं. नारायण पेठेच्या करारात ५२० लिहिलं होतं, आम्ही टेप लावून मोजलं तेव्हा ४१० भरलं. भाव काढायचा तो या ४१० वर.

पैशांचं गणित आम्ही वहीत असं मांडलं. जुन्या घराची मागणी ४८ लाख. पुण्यात मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ७ टक्के. खरेदीदार फक्त स्त्री असेल तर ६. भाचीच्या एकटीच्या नावावर घेतलं तर २.८८ लाख, नोंदणी शुल्क ३० हजार, दुरुस्तीला ५ लाख. एकूण ५६.१८ लाख. रावेतचं घर ५६ लाख. बांधकाम सुरू असल्यामुळे आणि किंमत ४५ लाखांच्या वर असल्यामुळे ५ टक्के जीएसटी, म्हणजे २.८० लाख, मुद्रांक ३.३६, नोंदणी ३० हजार. एकूण ६२.४६ लाख. पुनर्विक्रीच्या घरावर जीएसटी नाही, म्हणून जुनं घर सहा लाखांहून जास्त स्वस्त दिसतं.

पण खिशातून लगेच किती काढायचे, हे विचारलं की चित्र उलटतं. या रकमेच्या कर्जात बँक घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, आणि ते मूल्य बँकेचा मूल्यांकनकार ठरवतो. रावेतचे ५६ त्याने ५६ धरले. नारायण पेठेच्या ४८ चे त्याने ४२ केले. म्हणजे कर्ज ३३.६० लाख. उरलेले १४.४०, शुल्कं आणि दुरुस्ती मिळून हातात साडेबावीस लाख हवेत. रावेतला १७.६६ लाखांत काम होत होतं. शिवाय इमारतीचं वय पाहून बँकेने मुदत वीसऐवजी पंधरा वर्षांची दिली. साडेआठ टक्क्यांनी धरलं तर हप्ता ३३ हजारांच्या आसपास, आणि रावेतचा वीस वर्षांचा ३९ हजारांच्या आसपास. जुनं घर एकूण स्वस्त, पण ते रोकड असलेल्याला परवडतं. तरुण जोडप्यांना हे कुणी आधी सांगत नाही. टोकन देऊन झाल्यावर मूल्यांकनाचा आकडा कळतो आणि मग धावपळ होते. म्हणून टोकनच्या आधी बँकेकडून तोंडी का होईना, अंदाज घ्या. मुद्रांक शुल्काच्या हिशेबात रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दरही बघितला जातो. जुन्या इमारतीला त्यात घसारा मिळतो, तो धरला आहे ना हे वकिलाला विचारा.

कागदपत्रांत रावेतचं काम सोपं. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी, मंजूर नकाशे, दिलेली मुदत, जमिनीवरचं कर्ज, सगळं घरबसल्या पाहता येतं. नारायण पेठेसाठी तीन आठवडे लागले आणि तेच तीन आठवडे सगळ्यात मोलाचे ठरले.

पेठेतल्या अशा इमारती बहुधा एखाद्या वाड्याच्या जागेवर उभ्या राहिलेल्या असतात. वाडा पाडला, मालकाला एक-दोन फ्लॅट, भाडेकरूंना एकेक, उरलेले बिल्डरने विकले. पुढे जमीन सदनिकाधारकांच्या नावावर करून द्यायची असते. हे कित्येक ठिकाणी झालेलंच नाही. सिटी सर्व्हे कार्यालयातून मिळकत पत्रिका काढली की ते एका नजरेत कळतं: तिथे अजून मूळ मालकाचंच नाव असेल तर तुम्ही भिंती विकत घेताय, जमीन नाही. आमच्या इमारतीची १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली नोंदणी झालेली होती. घोषणापत्र नोंदलेलं होतं आणि प्रत्येक घराचा जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला होता. आठ घरं, आपला हिस्सा ११ टक्के. हा आकडा वाचला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे घर घ्यावं. सोसायटी असेल आणि जमीन नावावर नसेल, तर मानीव अभिहस्तांतरणाचा (मालक-बिल्डरने करून दिली नाही तरी जमीन नावावर करून घेण्याचा) मार्ग आहे, पण त्याला वेळ आणि शेजाऱ्यांची एकी दोन्ही लागतं. ते काम अर्धवट असेल तर किंमत तेवढी खाली आली पाहिजे.

भोगवटापत्र (इमारत वापरायला महापालिकेची परवानगी), मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल, कराचं ताजं बिल हे तर हवंच. कराच्या बिलात शास्तीकर, म्हणजे दंडाचा कर, दिसला तर गच्चीवरची खोली किंवा बंद केलेली बाल्कनी अनधिकृत आहे, असं समजा आणि चौकशी करा.

इमारत तपासायला आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरला सोबत नेलं. ते घरात आधी गेलेच नाहीत. खाली पार्किंगमध्ये खांबांच्या पायथ्याशी बसले, कोपऱ्यांवर उभी तांबूस रेघ दिसते का ते पाहिलं. अशी रेघ म्हणजे आतल्या सळईला गंज चढला आहे. मग गच्ची, टाकीखालचा भाग, छज्जे. छोट्या हातोडीने ठोकत गेले; पोकळ आवाज आला तिथे खडूने फुली. मग त्यांनी सुचवलेली गोष्ट मला कधीच सुचली नसती: खालच्या मजल्यावरच्या घराची बेल वाजवून त्यांच्या न्हाणीघराचं छत बघा. आपल्या संडास-बाथरूमची गळती आपल्याला दिसत नाही, ती खालच्यांना दिसते. खालच्या काकूंनी दार उघडलं, छत दाखवलं, आणि गेल्या सहा वर्षांचा गळतीचा इतिहासही सांगितला. त्या एका भेटीने दुरुस्तीचा अंदाज दोन लाखांवरून पाचवर गेला.

घरात आतली भिंत नऊ इंची आहे का ते मोजा. असेल तर ती भार घेणारी असू शकते, मग स्वयंपाकघर मोठं करण्याचा बेत इंजिनिअरला विचारल्याशिवाय करायचा नाही. वायरिंगला अर्थिंग आहे का, लोखंडी पाइप आतून बुजलेत का, हेही बघून घ्या. तीस वर्षांवरच्या इमारतीचा स्ट्रक्चरल ऑडिट व्हावा लागतो. झाला असेल तर अहवाल मागा. सोसायटी किंवा असोसिएशन तो दाखवायला टाळाटाळ करत असेल तर मी पुढे जाणार नाही.

पूररेषेचंही बघायलाच हवं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतले वाडे कोसळले. आजही खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो. दुसऱ्या मजल्यावर पाणी येणार नाही, पण विजेचे मीटर आणि पाण्याची मोटर तळमजल्यावर असते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे निळ्या पूररेषेच्या आत जागा असेल तर पुनर्विकास अडतो. तसंच शनिवारवाड्यासारख्या केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. दुरुस्तीलाही परवानगी लागते.

इथे मला जोर देऊन एक गोष्ट सांगायची आहे. एजंट म्हणाले, "ताई, चार-पाच वर्षांत रिडेव्हलपमेंट होईल, मग बघा." त्या आशेचे पैसे आज देऊ नका. पेठेतले प्लॉट लहान, बोळ अरुंद, आणि जास्तीचा एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल त्याचं प्रमाण) किती वापरता येईल हे रस्त्याच्या रुंदीवर बरंच अवलंबून असतं. आठ घरांतली दोन बंद, एकाचा कोर्टात वाद. घर आज जसं आहे तसं राहायला चालणार असेल तर घ्यावं. पुनर्विकास झालाच तर तो वरचा लाभ.

राहण्याच्या बाबतीत दोन्ही घरं इतकी वेगळी आहेत की एका मापाने मोजता येत नाहीत. नारायण पेठेतून भाची शाळेत चालत जाते. मंडई, औषधं, दवाखाना, टपाल, सगळं पायाखालचं. २९ सप्टेंबर २०२४ पासून कसबा पेठ आणि मंडईला भुयारी मेट्रोचं स्थानक आहे. रावेतहून तिची शाळा वीसेक किलोमीटर. जावयांना मात्र हिंजवडी रावेतहून जवळ पडते. आम्ही दोघांच्या महिनाभराच्या फेऱ्या बेरजेत धरल्या तेव्हा पेठ जिंकली, कारण भाचीचे सहा दिवस आणि त्यांचे तीन. दोघंही रोज हिंजवडीला जात असते तर मी रावेतच सांगितलं असतं, बाकी काही न बघता.

पाण्यात दोन्हीकडे त्रास आहे. पुण्यात एखादा गुरुवार दुरुस्तीसाठी पाणी बंद असतं. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झालं आणि नव्या सोसायट्यांत टँकरचा खर्च देखभालीत येतो. पेठेत गाडीला जागा नाही, स्कूटर कशीबशी. गणपतीत ढोल-ताशा, विसर्जनाला लक्ष्मी रस्ता आणि केळकर रस्ता रात्रभर भरलेला. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांनी त्या दिवसांसाठी आधीच सोय करून ठेवावी.

जिना हाच माझ्या मनातला खरा अडसर होता. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, गुडघे दुखतात. आम्ही त्यांना न सांगता ठरवलं नाही. त्यांना घर दाखवायला नेलं आणि दोनदा चढ-उतार करायला लावला. पायरी सहा इंचांची, मधे वळणावर टेकायला कट्टा. वर पोहोचून त्या म्हणाल्या, "इथं मला देवळात एकटीला जाता येईल. तिकडं मला रिक्षाची वाट बघत बसावं लागेल." पायऱ्या उंच असत्या किंवा मजला तिसरा असता तर माझं मत बदललं असतं.

इंजिनिअरचा अहवाल आणि खालच्या काकूंच्या छताचे फोटो विक्रेत्यासमोर ठेवले. मागणी ४८ वरून ४५ वर आली. टोकनची पावती करताना वकिलांनी दोन अटी घातल्या: कर्ज नामंजूर झालं तर रक्कम परत, आणि खरेदीच्या आधी असोसिएशनचा थकबाकी नसल्याचा दाखला. ताबा मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात भाचीने वीज मीटरचं नाव बदललं आणि स्वतः राहत असल्याची करसवलत मिळावी म्हणून महापालिकेत पीटी-३ अर्ज भरला. न्हाणीघराचं काम पावसाळ्याआधी काढलं आहे. खालच्या काकू रोज एकदा वर येऊन बघून जातात.